बाकी राहिलेले रोजे

ईदचा शीरखुर्मा संपला, पाहुणे गेले, की घरातला दिवस पुन्हा तीन वेळच्या जेवणावर येतो. रमजानमध्ये काय खावं, काय टाळावं हे सांगणारे लेखही मग वर्षभरासाठी थांबतात. माझ्याकडे मात्र त्यानंतरच बायका यायला लागतात. अंगात त्राण नाही, जिना चढताना धाप लागते, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येते. मी विचारते, सध्या रोजे चालू आहेत का? बरोबर आलेल्या नवऱ्याला प्रश्नच कळत नाही. रमजान जाऊन इतके महिने झाले, आता कसले रोजे? बाई मान खाली घालून सांगते, "कजा चल रहे, आपा." नवऱ्याला तोवर त्याचा पत्ताच नसतो.

मी सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. याच शहरात वाढले. घरात दखनी उर्दू, शाळेत मराठी. रोजे शाळेत असल्यापासून ठेवते आणि त्यांच्यावर माझा मनापासून जीव आहे. म्हणूनच मला सलतं की रोजा आणि आहार या विषयावर जे बोललं जातं, त्यात बायकांचे अर्धेअधिक रोजे कुठे येतच नाहीत.

कजा म्हणजे चुकलेला रोजा पुढे भरून काढणं. कुराणातल्या अल-बकरा या दुसऱ्या सूरेत रोज्याच्या आज्ञेला लागूनच सवलत दिली आहे. जो आजारी असेल किंवा प्रवासात असेल त्याने तेवढे दिवस नंतर पूर्ण करावेत. तिथेच पुढे म्हटलं आहे की अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, कष्ट नकोत. ज्याला रोजा आता कधीच झेपणार नाही, अशा म्हाताऱ्या किंवा जुनाट आजाराच्या माणसाने प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावं, तो फिदया. पाळीच्या दिवसांत बाईने रोजा ठेवायचाच नसतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला, स्वतःला किंवा बाळाला अपाय होईल अशी भीती असेल, तर थांबायची मुभा आहे. पण हे सगळे दिवस नंतर फेडायचे. आमच्याकडे बहुतेक घरं हनफी या धर्मशास्त्रीय परंपरेतली, त्यांच्यात अशा बाईवर फक्त कजा येते. कोकणातले मुसलमान शाफई परंपरेतले. त्यांच्यात केवळ बाळाच्या काळजीपोटी रोजा सोडला असेल, तर कजाबरोबर फिदयाही द्यावा लागतो.

आता हिशेब करा. पाळीचे दरवर्षी पाच ते सात. त्यात प्रत्येक बाळंतपणामागे एक रमजान गरोदरपणात आणि एक अंगावर पाजण्यात गेला, तर तीन मुलांच्या आईकडे सहा महिन्यांचे, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास रोजे साठतात. घरातल्या कॅलेंडरवर, मुलाच्या जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढलेल्या रेघा मी पाहिल्या आहेत. एक रोजा झाला की एक रेघ खोडायची. पुरुषालाही आजारपणाची, प्रवासाची कजा येते. पण तरुण वयापासून पाळी जाईपर्यंत दरवर्षी न चुकता बाकी वाढत जाणं, हे फक्त बाईच्या वाट्याचं आहे.

या रोज्यांमध्ये शरीराचं काय होतं, ते कळण्यासाठी आधी रमजानच्या रोज्यात काय होतं ते पाहावं लागेल. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजच्या, आधीपासून सूर्य मावळेपर्यंत अन्न नाही आणि पाणीही नाही. आपल्या भागात हिवाळ्यात हा काळ सव्वाबारा तासांच्या जवळपास असतो, जूनमध्ये साडेचौदापर्यंत जातो. सहेरी म्हणजे पहाटेचं जेवण. त्यानंतरचे काही तास त्या जेवणावरच निघतात. मग यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन, साधारण शंभरेक ग्रॅम, साखर होऊन रक्तात उतरू लागतं. दुपार कलते तसा चरबीचा वाटा वाढतो. धडधाकट शरीराला हे सगळं ठाऊक असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाण्याचा मात्र असा साठा शरीरात कुठेच नसतो. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो; 2018 ते 2022 या काळातले रमजान नेमके त्याच दिवसांत आले होते. तेव्हा असरच्या, म्हणजे दुपार उलटल्यानंतरच्या, नमाजच्या सुमाराला जे डोकं ठणकायचं, त्याचं कारण भूक कमी आणि पाण्याचा तुटवडा व सुटलेला चहा जास्त. रमजानच्या आधी आठवडाभर चहा एकेक कप कमी करत आणला, तर पहिल्या तीन दिवसांतली ही डोकेदुखी बरीच टळते.

वजनाचंही सांगते, कारण विचारणारे फार. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज केली तर महिन्याभरात सरासरी किलो-सव्वा किलो वजन उतरतं आणि काही आठवड्यांत ते बहुतेक परत येतं. बारीक होण्यासाठी रोजा ठेवायचा नसतो, आणि ठेवला तरी त्याने ते काम होत नाही.

रमजानची खरी ताकद मला सहेरीत दिसते. पहाटे चारला सगळा मोहल्ला जागा असतो. मशिदीच्या भोंग्यावरून किती मिनिटं उरली ते सांगतात, कुठे कुणी डफ वाजवत गल्लीतून जातो, शेजारची भाभी खिडकीतून हाक मारून उठलात का विचारते. लहान मुलंसुद्धा झोपेतून उठून मांडी घालून बसतात. पैगंबरांचं सांगणं आहे की सहेरी करा, त्यात बरकत आहे; त्यामुळे निदान या महिन्यात तरी ते जेवण कुणी हलक्यात घेत नाही. माझी दादी आदल्या रात्रीची ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, वर थोडं तूप घालून खायची आणि दिवसभर गव्हाचं पोतं निवडत बसायची. निजामाच्या मुलखातून आलेल्या घरांत खिचडी, खिमा आणि खट्टा असतो. चिंच, तीळ, कच्चा कांदा आणि हिरवी मिरची घातलेला तो खट्टा पहाटेच्या मिटलेल्या तोंडाला जागं करतो. मसूरडाळीची खिचडी, बरोबर खिमा किंवा अंडं, वाटीभर दही. यापेक्षा चांगला सल्ला माझ्या पुस्तकांतही नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच तंतू असतो. डाळ जोडीला आली की ते जेवण सावकाश पचत दुपारपर्यंत पुरतं. हल्ली दुधात फेणी आणि वर मूठभर साखर एवढ्यावर सहेरी उरकणारी घरं वाढली आहेत. करायला सोपी आणि गोड लागते, पण अकरा वाजताच पोट कोकलायला लागतं.

इफ्तारबद्दल सगळेच बोलतात, म्हणून मी थोडक्यात आवरते. खजूर आणि पाण्याने रोजा सोडण्याची रीत अगदी शहाणपणाची आहे: थोडी साखर लगेच, थोडी तंतूंमुळे सावकाश, पोटॅशियम आणि पाणी. घोटाळा त्यानंतरच्या वीस मिनिटांत होतो. मिरची भजी, समोसे, कांदा भजी, बाजारातून आणलेलं तळण, आणि ते तेल संध्याकाळभर पुन्हा पुन्हा तापलेलं. विजापूर वेशीला रमजानात संध्याकाळी जी गर्दी उसळते ती मला आवडते. तिथला उजेड, अत्तर, बांगड्या, सगळंच आवडतं. पण घरी रोज तळण नको, जुम्म्याला असू दे, एवढं मी हट्टाने सांगते. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही हदीस, म्हणजे पैगंबरांची शिकवण, आमच्याकडे लहान मुलालाही पाठ असते. ती इफ्तारच्या दस्तरखानावर आठवायला हवी.

तर रमजानचा महिना हा असा असतो. उठवणारे असतात, रांधलेलं असतं, घराचं घड्याळ बदललेलं असतं, दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात, आणि मगरिबला, म्हणजे सूर्य मावळल्यावर, कुणीच एकटं नसतं. एकट्या शरीराला जड गेलं असतं ते सगळ्यांनी मिळून उचललेलं असतं.

सवलत घेणं आमच्या लोकांना अवघड जातं, हे आधी मधुमेहाच्या रुग्णांत पाहिलं. 2001 मध्ये 13 देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेही मुसलमानांचा अभ्यास झाला. त्यात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे 79 टक्के रुग्ण रमजानात निदान पंधरा दिवस रोजे ठेवत होते. पहिल्या प्रकारचे, म्हणजे इन्सुलिनशिवाय ज्यांचं चालतच नाही असे, 43 टक्के. साखर धोकादायक खाली जाण्याचं प्रमाण रमजानात पहिल्या प्रकारात पावणेपाच पट आणि दुसऱ्या प्रकारात साडेसात पट वाढलं होतं. माझ्या अब्बांना साखर होती, गोळी ग्लिमेपिराइडची, आणि रोजा सोडायला सांगितलं की ते गप्प होऊन बसायचे. रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलून घ्यायच्या, दिवसात साखर तपासायची, आणि ती 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर त्याच क्षणी रोजा सोडायचा, हे आता सर्वमान्य आहे. बोट टोचल्याने रोजा तुटत नाही, हेही उलेमांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांनी, सांगितलेलं आहे. पुढे मूत्रपिंड बिघडल्यावर अब्बांनी फिदया द्यायला सुरुवात केली. सवलत घेणं हीसुद्धा इबादत आहे, हे त्यांना आमच्या मशिदीच्या इमामांनी समोर बसून समजावलं, तेव्हा कुठे ते पटलं. मी किती वर्षं तेच सांगत होते. पण ते ज्यांच्याकडून ऐकायला हवं होतं त्यांच्याकडून ऐकलं, हे चांगलंच झालं.

पाळीच्या दिवसांची सवलत घ्यायलाही बाईला असंच कुणीतरी सांगावं लागतं. ती सवलत कागदावर निर्विवाद आहे, त्या दिवसांत रोजा ठेवणंच चुकीचं. पण घरात सासरे आहेत, दीर आहेत, वयात आलेला मुलगा आहे. त्यांच्यासमोर पाण्याचा घोट घेतला की सगळ्यांना कळणार. म्हणून ती सगळ्यांबरोबर सहेरीला उठते, नाहीतर विचारतील का उठली नाहीस. दिवसभर काही खात नाही. खाल्लंच तर स्वयंपाकघराचं दार लोटून, उभ्याउभ्या, दोन घास. भांडं वाजू नये म्हणून पाणीसुद्धा तांब्यानेच वरून. संध्याकाळी सगळ्यांबरोबर खजूर उचलते. म्हणजे रोजा झाला नाही, कजा डोक्यावर चढली, आणि रक्तस्राव चालू असताना दिवसभराचा उपास मात्र घडला. ज्या दिवसांत शरीराला जास्त हवं, त्याच दिवसांत त्याला सर्वांत कमी मिळालं. कॉलेजातल्या मुली मला सांगतात की त्या बॅगेत बिस्किटाचा पुडा ठेवतात आणि तो स्वच्छतागृहात खातात. हे ऐकून मला राग येतो, तो तसाच लिहिते. अल्लाहने दिलेली मुभा घरातल्या माणसांच्या नजरेपायी बाईला चोरून वापरावी लागते, यात धर्म कुठे आहे?

नंतर त्या दिवसांची फेड येते. कजाचा रोजा ठेवायला बाई एकटी उठते. मोबाइलचा गजर उशीखाली, नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून. चारला उठून गॅस पेटवणार कोण, भांड्यांचा आवाज होतो. मग फ्रिजमधली अर्धी भाकरी, दोन पेले पाणी, आणि नियत, म्हणजे रोज्याचा मनातला संकल्प. बऱ्याच जणी तेवढंही करत नाहीत. रात्री जेवतानाच नियत करून झोपतात आणि थेट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खातात. रोजा त्यानेही होतो. पण मग बारा तासांचा रोजा वीस तासांचा होतो. दिवसाचं काम जराही कमी होत नाही. मुलांचे डबे, सासूबाईंचं जेवण, स्वतः चाखता न येणारी आमटी. आमच्या शहरात हजारो बायका घरी विड्या वळतात. कारखान्यातून पान-तंबाखू आणायचं, मजुरी हजार विड्यांमागे. रोजा आहे म्हणून वीस-पंचवीस विड्या कमी वळल्या तर हिशेब तसाच कमी होतो. त्या सुपावर वाकलेल्या, तंबाखूच्या धुरळ्यात बसलेल्या बाईचं मगरिबला तोंड कोरडं पडलेलं असतं, आणि इफ्तार म्हणजे एक खजूर व चहा, कारण घरात दुसऱ्या कुणाचाच रोजा नसतो आणि जेवण नऊला.

तो चहाच मला सर्वांत जास्त खटकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021 मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वर्षांच्या 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हे सर्व धर्मांच्या, जातींच्या बायकांचं आहे. रक्तक्षयाला रोजा जबाबदार नाही. पण ज्या शरीरात लोह आधीच कमी आहे त्याच शरीराकडून आपण हे रोजे फेडून घेतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह हवं, पुरुषाला 19. मटणातलं लोह पालेभाजीतल्यापेक्षा कितीतरी सहज अंगी लागतं, पण दस्तरखानावर बोटी आधी पुरुषांच्या ताटात, मग मुलांच्या, आणि शेवटी जी वाढते तिला रस्सा. जेवणाला लागून घेतलेला चहा उरलंसुरलं लोहही शोषू देत नाही. दवाखान्यातून मिळालेली लोहाची गोळी तर रोज्याच्या दिवसांत हमखास सुटते. ती सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची सवय असते, आणि सकाळच राहत नाही.

म्हणून मी माझ्या कागदावर, उंची-वजन-हिमोग्लोबिनच्या शेजारी, एक ओळ घातली आहे: कजा किती बाकी? पहिल्यांदा विचारलं की बायका चपापतात, मग एकदम मोकळ्या होतात. कुणाचे बत्तीस, कुणाचे शंभरच्या वर, कुणी मोजणंच सोडलेलं. हिमोग्लोबिन 8 च्या खाली असेल तर मी साफ सांगते की आधी उपचार. आजारपणाची सवलत याचसाठी आहे, आणि डॉक्टरांचा कागद घेऊन आलिमांना विचारायचं असेल तर मी बरोबर येते. बाकीच्यांसाठी आम्ही दिवस वाटून घेतो. आठवड्यात एक किंवा दोन, सोमवार आणि गुरुवार, कारण नफिल, म्हणजे ऐच्छिक, रोजेही त्या दिवशी ठेवायची रीत असल्याने घरात कुणी फार विचारत नाही. रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यातले सहा नफिल रोजे आधी की कजा आधी, हा आमच्या बायकांचा दरवर्षीचा वाद आहे. त्याचं मजहबी उत्तर मी देत नाही. रक्त कमी असताना ईदच्या दुसऱ्याच दिवसापासून सलग सहा रोजे घेऊ नका एवढं सांगते, शव्वालचा महिना मोठा आहे. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांच्या कजा शाबानपर्यंत, म्हणजे पुढच्या रमजानच्या आदल्या महिन्यापर्यंत, राहून जात, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत आहे. ती मी प्रत्येकीला सांगते, कारण घाईने अपराधी होऊन एकामागून एक रोजे ठेवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

सहेरी चुकवायची नाही, हे माझं सर्वांत आग्रहाचं. रात्रीच डबा भरून ठेवायचा: ज्वारी किंवा बाजरीची भाकरी, घट्ट वरण किंवा उसळ, शेंगाची चटणी, दही, एक केळं. गॅस पेटवायला नको, भांडं वाजायला नको. इफ्तारला खजुराबरोबर लिंबूपाणी, आणि जेवण नऊची वाट न पाहता तेव्हाच. निदान उकडलेली अंडी किंवा भिजवलेले हरभरे लिंबू पिळून. लोहाची गोळी जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत. दूध आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. चहा हवाच असेल तर गोळी आणि जेवण दोन्हींपासून दूर. एका गल्लीतल्या पाचसात जणींनी आता गुरुवार धरला आहे. पहाटे एकमेकींना मिस्ड कॉल देतात आणि इफ्तारला एकीच्या घरी जमतात. ज्यांचा रोजा नसतो अशा सासवाही येऊन बसतात. त्यातल्या दोघींचं हिमोग्लोबिन वाढलं, पण त्याचं श्रेय गोळ्यांना किती आणि एकत्र बसून जेवण्याला किती, हे मला वेगळं करता येणार नाही.

घरातल्या पुरुषांकडून मला फार काही नको आहे. पाळीच्या दिवसांत बाई जेवायला बसली तर बघूनही न बघण्याची सवय, आणि कजाच्या दिवशी सहेरीला कूकर लावणारा एक हात. काही तरुण नवरे हे करतात. एकाने तर बायकोबरोबर स्वतः नफिल रोजे धरले.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2027 मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल, 2030 मध्ये जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा एकदा येईल. म्हणजे पुढची काही वर्षं कजा फेडायला शाबानच्या आधीचे जे महिने मिळतात ते थंडीचे आहेत: दिवस सर्वांत लहान, तहान कमी, मंडईत मेथी, हरभऱ्याचा पाला, चुका, बोरं, आवळे, आणि जानेवारीत हुरडा. बायकांना मी दिवाळीनंतरच्या तारखा आत्ताच धरून ठेवायला सांगते आहे. त्याआधी प्रत्येकीचं एकदा हिमोग्लोबिन तपासायचं आहे, आणि ज्यांनी मोजणं सोडलं आहे त्यांच्याबरोबर बसून, जमेल तितक्या अंदाजाने, आकडा लिहायचा आहे.